पायातलं अर्थिंग: जास्त ओहम, हरवलेलं टोक आणि तरीही बसणारा शॉक

नव्या घराच्या पायात, म्हणजे फाउंडेशनच्या काँक्रीटमध्ये, लोखंडी सळईची किंवा पट्टीची बंद रिंग फिरवून अर्थिंग टाकलेलं असतं. नकाशात तशी नोंद असते, ठेकेदारही छातीठोकपणे सांगतो. मग फरशी बसते, बोर्ड लागतो, वायरमन अर्थ टेस्टर जोडतो आणि आकडा येतो ८० ओहम. किंवा आकडा ठीक येतो, पण गीझरला हात लावला की झिणझिण्या येतातच. किंवा मोजायचं कुठे हेच कळत नाही, कारण पायातून वर आलेलं टोक कोणीतरी ग्राइंडरने उडवून प्लास्टरखाली घातलेलं असतं.

या तक्रारी पुन्हा पुन्हा येतात आणि दुरुस्ती म्हणून बहुतेक वेळा अंगणात एक रॉड ठोकला जातो. त्याने कधी फरक पडतो, कधी पडत नाही, आणि कधी दोन-चार वर्षांनी नवीनच दुखणं सुरू होतं. कारण इथे प्रश्न तीन आहेत आणि ते वेगवेगळे तपासावे लागतात. पायातलं लोखंड सलग जोडलेलं आहे का? ते लोखंड जमिनीला भिडलं आहे का? आणि फॉल्ट झाल्यावर पुरवठा तुटतो का? पहिल्याचं उत्तर मिलिओहममध्ये मिळतं, दुसऱ्याचं ओहममध्ये, तिसऱ्याचं मिलिसेकंदांत. एक उत्तर चांगलं आलं म्हणून दुसरं गृहीत धरता येत नाही.

मीटर लावण्याआधी

चालू पुरवठ्यावर मुख्य अर्थची लिंक, म्हणजे पायातून आलेलं टोक आणि मुख्य अर्थ बार (घरातल्या अर्थ वायरी जिथे एकत्र येतात ती पट्टी) यांना जोडणारा सुटा करता येणारा दुवा, काढू नका. घरात कुठे गळती असेल किंवा न्यूट्रल तुटलेला असेल, तर लिंक सुटताक्षणी तिच्या दोन टोकांमध्ये पूर्ण २३० व्होल्ट उभे राहू शकतात. ते दोन टोक नेमके तुमच्या दोन हातांत असतात. आधी लिंकवर क्लॅम्प मीटर लावून करंट बघा. काही मिलिअँपिअर दिसले तर ते सुट्या उपकरणांच्या फिल्टरचं असतं, चालेल. एक-दोन अँपिअर किंवा जास्त दिसले तर अर्थिंगचं काम तिथेच थांबवा आणि न्यूट्रलचा दोष शोधा, त्याबद्दल पुढे आहे. करंट नगण्य असेल तर मेन स्विच बंद करा, सोलर इन्व्हर्टर किंवा जनरेटर असेल तर तोही बंद करा, मग लिंक काढा. हे काम परवानाधारक माणसाचं आहे.

आकडा किती यायला हवा?

तक्रार खरी आहे की नाही हे अपेक्षित आकडा माहीत असल्याशिवाय ठरत नाही. "पाच ओहमच्या आत पाहिजे" हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं, पण खडकाळ जमिनीवर ते अशक्य असू शकतं आणि ओल्या चिकणमातीत पाच ओहम आले तर काहीतरी बिघडलेलं असू शकतं.

हिशोब सोपा आहे. पायातल्या रिंगने वेढलेलं क्षेत्रफळ घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, १.१३ ने गुणा. हा झाला समतुल्य व्यास. मातीच्या रेझिस्टिव्हिटीची (माती करंटला किती विरोध करते त्याचं माप, ओहम-मीटरमध्ये) दुप्पट करा आणि या व्यासाच्या तिप्पटीने भागा. १० बाय १२ मीटरच्या घरासाठी व्यास येतो सुमारे १२.४ मीटर. माती १०० ओहम-मीटरची असेल तर अर्थ रेझिस्टन्स सुमारे ५.४ ओहम, ३०० ची असेल तर १६, आणि १००० ची असेल तर ५४. तुलनेसाठी, त्याच १०० ओहम-मीटरच्या मातीत ३ मीटरचा एकटा रॉड ३३ ओहमच्या आसपास देतो. पायातल्या अर्थिंगचा खरा फायदा या फरकात आहे.

मातीची रेझिस्टिव्हिटी अंदाजाने धरू नका, मोजा. चार खुंट्यांची पद्धत वापरा: चारही खुंट्या एका रेषेत, सारख्या अंतरावर, बाहेरच्या दोघींमधून करंट, आतल्या दोघींवर व्होल्टेज. अंतर मीटरमध्ये a आणि वाचन R ओहम असेल, तर रेझिस्टिव्हिटी म्हणजे ६.२८ गुणिले a गुणिले R. अंतर ३ मीटर आणि वाचन ५.३ आलं तर माती १०० ओहम-मीटरची. खुंट्यांमधलं अंतर जितकं, साधारण तितक्या खोलीपर्यंतची माती या आकड्यात येते, म्हणून १, ३ आणि ६ मीटर अशी तीन वाचनं घेणं शहाणपणाचं.

मोजलेला आकडा हिशोबाच्या दीडपटीत असेल तर पायातलं अर्थिंग आपलं काम करतंय, आणि दोष असलाच तर तो दुसरीकडे आहे. पाच-दहापट असेल तर पुढे वाचा.

पहिली तपासणी: लोखंड सलग आहे का

साधा मल्टिमीटर इथे उपयोगाचा नाही. त्याच्या वायरींचाच रेझिस्टन्स ०.२ ते ०.३ ओहम असतो आणि आपल्याला शंभराव्या भागातलं बघायचं आहे. जर्मन मानक डीआयएन १८०१४ मध्ये पायातल्या अर्थच्या टोकांमधला रेझिस्टन्स ०.२ ओहमपेक्षा जास्त नसावा असं धरलेलं आहे. निरोगी रिंग त्याहून कितीतरी खाली असते. १० मिलिमीटर जाडीच्या सळईचा रेझिस्टन्स मीटरला सुमारे २ मिलिओहम. आपल्या १० बाय १२ च्या घराची रिंग ४४ मीटरची. समोरासमोरच्या कोपऱ्यांमध्ये मोजलं तर २२ मीटरचे दोन मार्ग समांतर, म्हणजे सुमारे २२ मिलिओहम.

२०० मिलिअँपिअर देणारा लो-ओहम मीटर असेल तर उत्तम. नसेल तर १२ व्होल्टची बॅटरी आणि गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब पुरतो. बॅटरी, बल्ब आणि पायातली दोन टोकं अशी एक मालिका करा, साडेचार अँपिअरच्या आसपास करंट वाहील. आता मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्याची टोकं थेट पायातून आलेल्या लोखंडाला टेकवा. बॅटरीच्या चिमट्यांना टेकवू नका, नाहीतर चिमट्याच्या गंजाचंच माप मिळेल. समोरासमोरच्या कोपऱ्यांत १०० मिलिव्होल्टच्या जवळपास आले तर रिंग शाबूत. २०० आले तर एक बाजू तुटलेली असण्याची शक्यता.

कुठली बाजू, हे शेजारशेजारचे कोपरे मोजून कळतं. १० मीटरच्या बाजूच्या दोन कोपऱ्यांमध्ये शाबूत रिंग ७० मिलिव्होल्ट देते. तुटलेली जागा याच बाजूत असेल तर करंटला उरलेल्या ३४ मीटरचा वळसा घालावा लागतो आणि आकडा ३०० च्या घरात जातो. चारही बाजू मोजा, उडी मारलेली बाजू लगेच दिसते. रिंग बाकीच्या सळयांच्या जाळीला पक्की बांधलेली असेल तर सगळेच आकडे याहून कमी येतील आणि फरक इतका ठळक राहणार नाही. तरीही चार बाजूंपैकी एक वेगळी वागत असेल तर तिच्यावर संशय घ्यायला हरकत नाही. मोजताना सगळी टोकं अर्थ बारपासून सुटी केलेली हवीत, नाहीतर करंट बारमधूनच फिरून येईल.

सलगता कुठे तुटते? बहुतेक वेळा तीन ठिकाणी. पायाचं काँक्रीट दोन टप्प्यांत ओतलं आणि दुसऱ्या टप्प्याची सळई पहिलीला नुसती टेकवली. सुट्या फुटिंगचं घर आहे आणि प्लिंथ बीमची सळई कॉलमच्या रिंगांमधून न बांधता ओवली. किंवा प्रसरण सांधा आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना जोडणारा लवचिक जंपर राहून गेला. बांधणीच्या तारेने बांधलेले सांधे अमेरिकेच्या एनईसीला, म्हणजे तिथल्या वीज नियमावलीला, चालतात आणि अनुभवाने ते बरे वाहतातही, कारण एका जाळीत असे शेकडो सांधे असतात. पण ठरावीक एका रिंगचा एकमेव सांधा तारेवर सोपवणं चुकीचं आहे, तिथे क्लॅम्प किंवा वेल्ड हवाच. इपॉक्सीचा थर दिलेली सळई असेल तर ती अर्थिंगच्या दृष्टीने प्लास्टिकच समजा.

दुसरी तपासणी: जमिनीशी संबंध

सलगता ठीक आणि तरी ओहम जास्त, तर आधी मोजणीवर संशय घ्या. दोन चुका हमखास होतात.

एक, अर्थ टेस्टरच्या दोन खुंट्या (एक करंटची, एक व्होल्टेजची) फार जवळ. रॉडसाठी २०–३० मीटरवर करंटची खुंटी चालते, पण अख्ख्या घराचा पाया हा मोठा इलेक्ट्रोड आहे. १० बाय १२ च्या पायाचा कर्ण साडेपंधरा मीटरचा, करंटची खुंटी त्याच्या पाचपट तरी लांब हवी, म्हणजे ८० मीटरच्या आसपास. व्होल्टेजची खुंटी त्या अंतराच्या ६२ टक्क्यांवर ठेवून एक वाचन घ्या, मग ती थोडी अलीकडे आणि थोडी पलीकडे सरकवून आणखी दोन. तिन्ही वाचनं ५ टक्क्यांच्या आत जुळली तरच आकडा खरा. खुंटी सरकवली की आकडा पळतो, अशा वेळी आलेला कुठलाही आकडा कागदावर लिहू नये. जवळच्या खुंटीने रेझिस्टन्स बहुधा खऱ्यापेक्षा कमी दिसतो, आणि ही चूक सगळ्यांना आवडते म्हणून टिकून राहते.

दोन, क्लॅम्प टाइप अर्थ टेस्टर चुकीच्या जागी लावणं. हा टेस्टर बंद वळशाचा रेझिस्टन्स सांगतो. पायातून दोन टोकं येऊन एकाच बारला जोडलेली असतील आणि त्यातल्या एकावर क्लॅम्प लावला, तर तो बारमधून रिंगमध्ये जाऊन दुसऱ्या टोकाने परत येणाऱ्या धातूच्या वळशाचा रेझिस्टन्स दाखवेल: ०.०५ ओहम वगैरे. जमिनीचा त्यात काही संबंध नाही. अर्ध्या ओहमच्या खालचा आकडा क्लॅम्पवर दिसला की आनंद न मानता वळसा शोधा.

मोजणी बरोबर असून आकडा जास्त असेल, तर पहिला गुन्हेगार प्लास्टिक. पाया किंवा राफ्टच्या खाली ओल येऊ नये म्हणून जाड पॉलिथिन अंथरलेलं असतं, किंवा बाजूने वॉटरप्रूफिंगची मेम्ब्रेन किंवा थर्माकोलसारखं इन्सुलेशन असतं. काँक्रीटमधून अर्थिंग होतं याचं कारण काँक्रीट जमिनीतून ओल ओढून धरतं. मातीत गाडलेल्या ओलसर काँक्रीटची रेझिस्टिव्हिटी साधारण ३० ते २०० ओहम-मीटर, म्हणजे बऱ्या मातीइतकीच. पूर्ण सुकलेलं काँक्रीट याच्या कित्येक पट वाईट वाहक असतं. प्लास्टिकने ओलही अडवली आणि करंटही. आतली रिंग कितीही सुबक बांधलेली असो, ती एका पिशवीत बसलेली आहे.

ही चूक आतून दुरुस्त होत नाही. काँक्रीटला भोकं पाडून रॉड घालायचे बेत करू नका, वॉटरप्रूफिंगही जाईल. बाहेरून रिंग टाकावी लागते, पायापासून एक मीटरवर, निदान ०.८ मीटर खोल, आणि जिथे जमीन उन्हाळ्यात खोलवर सुकते किंवा थंडीत गोठते तिथे त्या थराच्याही खाली. आपल्या घराभोवती ती ५२ मीटरची होते आणि १०० ओहम-मीटरच्या मातीत सुमारे साडेचार ओहम देते. पायातली जुनी रिंग टाकून द्यायची नाही, ती घरातल्या धातूंना एका पातळीवर ठेवायचं काम करत राहते. दोन्ही रिंग निदान दोन ठिकाणी एकमेकांना जोडा. मोठ्या घरात दर २० मीटरला एक जोड धरा, वीजरोधक यंत्रणा (आकाशातली वीज जमिनीत उतरवणारी) असेल तर दर १० मीटरला.

बाहेरची रिंग कशाची?

इथे जरा थांबायला हवं, कारण सर्वांत महागडी चूक इथे होते. स्वस्त पडते आणि दुकानात सहज मिळते म्हणून गॅल्व्हनाइज्ड पट्टी मातीत टाकली जाते आणि पायातल्या सळईला जोडली जाते. काँक्रीटच्या अल्कलीमध्ये बसलेलं साधं लोखंड विद्युत-रासायनिक दृष्ट्या जवळजवळ तांब्यासारखं वागतं. तांबे–तांबे सल्फेट या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत त्याची पातळी उणे ०.२ ते उणे ०.४ व्होल्ट, तर मातीतल्या जस्ताची उणे ०.९ ते उणे १.१. म्हणजे निदान अर्धा व्होल्टचा फरक, वायरने जोडलेला, ओल्या मातीत. ही बॅटरीच झाली. पायातल्या लोखंडाचं क्षेत्रफळ प्रचंड आणि पट्टीचं छोटं, म्हणून खाल्ली जाते पट्टी. आधी जस्त जातं, मग खालचं लोखंड. जमिनीवरचा क्लॅम्प चकचकीत दिसत असतो आणि एक फूट खाली पट्टीचा कागद झालेला असतो. अंगणात ठोकलेला गॅल्व्हनाइज्ड रॉड किंवा पाइपही याच वाटेने जातो.

म्हणून पायाच्या लोखंडाला जोडलेलं आणि मातीत असलेलं काहीही एकतर मॉलिब्डेनम असलेल्या स्टेनलेस स्टीलचं, ३१६ जातीचं, हवं किंवा तांब्याचं. स्टेनलेस असेल तर १० मिलिमीटर गोल सळई किंवा ३० बाय ३.५ मिलिमीटरची पट्टी. तांबं असेल तर ५० चौरस मिलिमीटरची बहुतारी केबल, आवरण नसलेली. ३०४ जातीचं स्टेनलेस क्लोराइड असलेल्या मातीत खड्डे पडून सडतं, तिथे पैसे वाचवू नका. काँक्रीटच्या आत मात्र गॅल्व्हनाइज्ड किंवा साधं लोखंड दोन्ही चालतं, फक्त चारी बाजूंनी ५ सेंटिमीटर कव्हर हवं. अ‍ॅल्युमिनियम दोन्हीकडे बाद, काँक्रीटची अल्कली त्याला विरघळवते.

चर बुजवताना बारीक माती टाका, बांधकामाचा राडारोडा नको. मीठ टाकून आकडा खाली आणता येतो, पण पावसाबरोबर मीठ वाहून जातं आणि जाताना धातू खातं. कोळशाची राख आणि भट्टीची मळी यांचंही तेच. खडकाळ जागी बेंटोनाइट वापरा.

पूर्ण रिंगला जागा नसेल तर खोल रॉड. दोन रॉड एकमेकांपासून त्यांच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर हवेत. ३ मीटरचे दोन रॉड ६ मीटरवर ठेवले तर ३३ ओहमचे १८-१९ होतात. शेजारी शेजारी ठोकले तर दुसऱ्या रॉडचा खर्च बराचसा वाया.

टोकच सापडत नाही

आधी पायाचे फोटो मागा. काँक्रीट ओतण्याआधीचा एखादा फोटो कोणाच्या तरी मोबाइलमध्ये निघतोच, आणि त्यात टोक कुठल्या कॉलमजवळ होतं हे दिसलं तर निम्मं काम झालं. मग सळई शोधणारा डिटेक्टर फिरवा. कापलेलं टोक बहुधा प्लिंथच्या वर काही सेंटिमीटरवर, प्लास्टरच्या मागेच असतं.

टोक मिळालंच नाही तर कॉलमची किंवा प्लिंथ बीमची सळई उघडी करून तिच्यावरून नवीन टोक घेता येतं. यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरची लेखी संमती घ्या, कुठला कॉलम आणि कुठली बाजू ते त्यांना ठरवू द्या. सुमारे १५ सेंटिमीटर लांबीचं कव्हर काढा, सळई तारेच्या ब्रशने चमकेपर्यंत घासा. त्यानंतर लगेच क्लॅम्प लावू नका. आधी घराच्या पलीकडच्या टोकाला दुसरी एखादी सळई उघडी करून वरची बॅटरीची चाचणी करा. ही सळई जाळीपासून सुटी निघाली तर सगळी मेहनत फुकट. सलगता मिळाली की काँक्रीटमध्ये गाडायला योग्य असा सळईचा क्लॅम्प लावा. ताकद देणाऱ्या मुख्य टीएमटी सळईवर वेल्डिंग करू नका, उष्णतेने तिची ताकद जाते. पूर्वताणित काँक्रीटच्या तारांना तर हातही लावायचा नाही. शेवटी न आकसणाऱ्या ग्राउटने जागा भरा, कव्हर पुन्हा ५ सेंटिमीटर करा.

टोक सापडलं पण गंजून सुतळीएवढं झालेलं, हाही नेहमीचा प्रकार. गंज नेमका काँक्रीटमधून बाहेर पडण्याच्या जागी लागतो, कारण तिथे एकाच धातूचा एक भाग काँक्रीटमध्ये, एक ओल्या मातीत आणि एक हवेत असतो. गॅल्व्हनाइज्ड टोकाला जस्तीचा रंग फासून हे थांबत नाही. टोक स्टेनलेसचं करा, किंवा प्लास्टिकचं आवरण असलेलं घ्या आणि आवरण काँक्रीटच्या आतपर्यंत न्या. तात्पुरतं वाचवायचं असेल तर मातीतून बाहेर येण्याच्या जागी वर-खाली ३० सेंटिमीटर पेट्रोलेटमची गंजरोधक पट्टी घट्ट गुंडाळा.

अर्थ चांगलं, तरी शॉक

तिसरा प्रश्न हा, आणि याचा पायाशी बहुतेक वेळा संबंध नसतो. समजा पायाचं अर्थ ५.४ ओहम आहे, ट्रान्स्फॉर्मरच्या बाजूचं ५ ओहम आहे, आणि पुरवठादार वेगळी अर्थ वायर देत नाही. गीझरच्या बॉडीला फेज चिकटला. वाहणारा करंट २३० भागिले १०.४, म्हणजे २२ अँपिअर. १६ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) लगेच पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. २२ अँपिअरवर तो तासाभरातही पडेल याची हमी नाही, कारण तासाभरात नक्की पडण्याची मर्यादा १.४५ पट, म्हणजे २३.२ अँपिअर. तोवर गीझरची बॉडी जमिनीच्या तुलनेत २२ गुणिले ५.४, म्हणजे ११९ व्होल्टवर. आकडा चांगला आहे आणि माणूस धोक्यात आहे.

इथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीकडे गळू लागला की पुरवठा तोडणारा स्विच, हवा, अर्थ कितीही चांगलं असो. त्याच्यासाठी बॉडीवरच्या ५० व्होल्टची मर्यादा पाळायला हिशोबाने १६६७ ओहमही चालतात, पण ऋतूप्रमाणे अर्थ डोलू नये म्हणून २०० च्या आत ठेवावं. आरसीसीबीचं बटण दाबून समाधान मानू नका, ते बटण अर्थ वायर न वापरताही काम करतं. टेस्टरने सॉकेटवरून ट्रिपिंगची वेळ मोजा, ठरलेल्या करंटवर ३०० मिलिसेकंदांच्या आत तुटलं पाहिजे.

आरसीसीबी लावल्यावर तो सारखा पडू लागला, तर घरात पुढे कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना लागलेत. मेन बंद करा, न्यूट्रल बारपासून एकेक न्यूट्रल सुटा करा, इलेक्ट्रॉनिक उपकरणं काढा आणि न्यूट्रल-अर्थ दरम्यान ५०० व्होल्टने मेगर करा, म्हणजे इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजा. एक मेगओहमच्या खाली येईल ती सर्किट पकडा.

सुरुवातीला लिंकवर अँपिअरमध्ये करंट दिसला होता, त्याचं काय? पुरवठ्याचा न्यूट्रल कुठेतरी सैल किंवा तुटलेला आहे आणि घराचा परतीचा करंट तुमच्या पायातून जमिनीत जातोय. बल्ब एकदम भडकणं किंवा मंद होणं ही त्याची खूण. पायाचं अर्थिंग उत्तम असेल तर ही खूण उशिरा दिसते, इतकाच त्याचा तोटा. तोवर कोणतीही अर्थ लिंक सोडू नका आणि पुरवठादाराला बोलवा.

झिणझिण्यांचं आणखी एक कारण म्हणजे दोन वेगळी अर्थं. कोणीतरी कॉम्प्युटर किंवा इन्व्हर्टरसाठी "स्वच्छ अर्थ" म्हणून वेगळा रॉड ठोकलेला असतो आणि तो पायाला जोडलेला नसतो. फॉल्ट किंवा विजेच्या वेळी दोन्हींच्या पातळीत शेकडो, हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो उपकरणावर येतो. घरातले सगळे इलेक्ट्रोड, पाण्या-गॅसचे धातूचे पाइप आणि डिशची चौकट एकाच मुख्य अर्थ बारवर आणा. पाइपांच्या बाँडिंगला निदान ६ चौरस मिलिमीटर तांबं. पायातून बारपर्यंत आवरण असलेली १६ चौरस मिलिमीटर, आवरण नसलेली मातीतून जात असेल तर २५.

काँक्रीट अजून ओतायचं असेल तर

मग हे सगळं टाळता येतं. पीसीसीवर, म्हणजे पायाखालच्या साध्या काँक्रीटच्या थरावर, कव्हर ब्लॉक ठेवून बाहेरच्या भिंतींच्या पायातून १० मिलिमीटर गोल सळईची किंवा ३० बाय ३.५ च्या पट्टीची बंद रिंग फिरवा. पट्टी उभी ठेवा, म्हणजे काँक्रीट तिच्या दोन्ही अंगांना नीट बसतं. आडव्या पट्टीखाली पोकळी राहते. व्हायब्रेटर नीट फिरणार असेल तर आडवी चालते. दर २ मीटरला क्लॅम्पने जाळीच्या सळईला जोडा. एका रिंगने २० बाय २० मीटरपेक्षा मोठा भाग वेढला जात असेल तर मध्ये आडवा दुवा घाला. एनईसीच्या किमान अटीत ६.१ मीटर लांबीची, निदान १२.७ मिलिमीटर जाडीची उघडी सळई किंवा तितक्याच लांबीची २१ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, भोवती ५० मिलिमीटर काँक्रीट, एवढंच आहे. ही किमान अट आहे. घराला बंद रिंगच करा. या पद्धतीचं श्रेय हर्बर्ट यूफर यांना जातं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अ‍ॅरिझोनाच्या कोरड्या जमिनीवरच्या दारूगोळ्याच्या कोठारांसाठी त्यांनी ती वापरली, म्हणून अमेरिकेत आजही हिला "यूफर ग्राउंड" म्हणतात.

खाली प्लास्टिक किंवा इन्सुलेशन येणार असेल तर रिंग त्याच्या बाहेर, स्टेनलेसची, आत्ताच टाका. चर आधीच खणलेला आहे, नंतर तो पुन्हा खणावा लागेल.

टोकं निदान दोन ठेवा, एक मीटर बोर्डाखाली आणि दुसरं समोरच्या कोपऱ्यात, म्हणजे सलगता मोजता येते. वीजरोधक यंत्रणा येणार असेल तर प्रत्येक उतरणाऱ्या वायरीसाठी आणखी एकेक. प्रत्येक टोक दीड मीटर बाहेर, त्याला भडक रंगाची टोपी आणि "कापू नये" अशी पाटी. टोपी नसलेलं टोक सेंट्रिंगवाल्याला वाया गेलेली सळई वाटते, त्यात त्याचा दोष नाही. ओतण्याआधी बॅटरीची चाचणी करून आकडे लिहा, प्रत्येक सांध्याचा आणि टोकाचा फोटो मोजपट्टी धरून काढा. ओतल्यानंतर महिन्याभराने अर्थ रेझिस्टन्स मोजा, ताज्या काँक्रीटमध्ये पाणी जास्त असल्याने त्याआधीचा आकडा खोटा चांगला येतो. हे दोन्ही कागद आणि फोटो मीटर बोर्डाच्या दाराच्या आत एका पाकिटात ठेवा, आणि अर्थ बारवरच्या लिंकला रिंगचं नाव लिहिलेली पट्टी बांधा.